बाबांचं इंजेक्शन आणि माझा हात

आधीच सांगते, मला असल्या गोष्टींचा राग येतो. आमच्या गावात साधा ताप आला तरी दवाखान्याआधी पुजाऱ्याला विचारतात, आणि त्यावरून मी घरात सगळ्यांशी भांडलेली आहे. त्यामुळे हे लिहिताना माझीच मला चीड येते आहे... पण घडलं ते घडलं.

आमचं गाव कुरखेड्याच्या पुढे, जंगलाला लागून. मी गडचिरोलीला बी.एस्सी. करते — घरातून कॉलेजात गेलेली पहिलीच. या उन्हाळ्यात कुंपण करताना बाबांच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटात बांबूची काडी खोल घुसली. त्यांनी पाला बांधला. बोट फुगून चकचकीत झालं. दवाखान्याचं नाव काढलं की एकच — "बेशुद्ध करतीन. मंग उठलोच नाई त?"

मी समजावलं. याला लोकल ॲनेस्थेशिया म्हणतात. लोकल म्हणजे तेवढीच जागा. इंजेक्शन दिलं की तिथल्या नसांचा निरोप डोक्यापर्यंत पोहोचत नाही. माणूस जागा असतो, बोलतो, फक्त दुखत नाही.

"नक्की?"

"नक्की, बाबा."

माझ्या शब्दावर ते दवाखान्यात आले.

बाबा आत, मी आणि आई बाहेर बाकावर. दार लोटलेलं होतं. आईने टपरीवरून चहा आणला. आतून डॉक्टर मॅडमचा आवाज येत होता.

"आता लागतं का?"

"लागते ना बाई."

"आणि आता?"

"लागूनच राह्यलं."

मग बाबांचं कण्हणं ऐकू आलं. आई माझ्याकडे वळली. "काऊन वं, हेच का तुझं लोकल?" आणि एकदम, "अवं, चहा सांडून राह्यला हातावर!"

ग्लास तिरपा झाला होता. उकळता चहा माझ्या उजव्या हातावरून ओघळत होता आणि मला पत्ताच नव्हता. मधलं बोट, तर्जनी, अंगठा — चिमटा काढला, काही नाही. करंगळी मात्र आगीसारखी जळत होती.

मॅडम बाहेर आल्या. "बोटातलं इंजेक्शन लागू पडेना म्हणून मनगटात दिलं, तेही नाही. त्यांनी तसंच सोसलं. पू काढलाय. काडीचा तुकडा आत आहे, सूज उतरली की परत आणा, नाहीतर बोट वाकणार नाही."

मनगटातल्याने काय बधिर होतं, मी विचारलं. अंगठा, तर्जनी, मधलं बोट, त्या म्हणाल्या. करंगळी नाही.

मनगटात देतात हेच मला आधी माहीत नव्हतं हो, मग मनाचा खेळ तरी कसा म्हणू?

मी हात दाखवला. त्यांनी मलम लावलं. "पू असला की ते औषध नीट चालत नाही, बाबांचं तेच झालं. तुमचं... टेन्शन असेल." पहिलं खरं आहे, मी नंतर वाचलं. दुसऱ्याचं काय? संध्याकाळी हात ताळ्यावर आला तेव्हा आईने विचारलं, "शिकून राह्यली ना तू? सांग मंग."

सूज उतरली आणि बाबा अडून बसले. मला वाटलं, दुखण्याला घाबरतात. मी वैतागून बोलले, तर म्हणाले, "दुखलं त दुखलं वं. मले थे इंजेक्शन देतीन, न तू चुलीपाशी असली त? तुले समजणारच नाई. लिहाचा हात हाय तुझा."

"बाबा, असं काही नसतं."

"मंग हे काय हाय?" त्यांनी माझ्या बोटांवरच्या फोडांकडे पाहिलं.

शेवटी मी त्यांच्या समोर बसायचं, हात मांडीवर ठेवायचा, कशाला शिवायचं नाही, या अटीवर ते आले. विज्ञान शिकणारी मी, आईने मनगट धरून बसवलेली! मॅडमनी इंजेक्शन दिलं, थोडं थांबून बोटाला टोचून पाहिलं.

"लागतं का?"

बाबा स्वतःच्या नाही, माझ्या हाताकडे बघत होते. "तिले विचारा."

आईने मला चिमटा काढला. चांगला जोरात.

"लागतं," मी म्हणाले.

"मंग करा, बाई," बाबा म्हणाले. "मले बोटाचं काईच समजून नाई राह्यलं."

काडी निघाली, बोट वाकतं. पहिल्या वेळी काय झालं, ते मला आजही सांगता येत नाही. कुणाला इंजेक्शन द्यायचं असलं की आई मला त्या खोलीपासून लांब पाठवते, आणि मी मुकाट्याने जाते.