बांधीतला नीलम

धानाच्या बांधीत लाखोळीच्या डाळीची झाडं उपटताना मुळासोबत एक निळा दगड माझ्या हातात आला. चपटा, बोटाएवढा, उन्हात चमकणारा. मी तो गंमत म्हणून नवऱ्याला दाखवला. ह्यांनी तो धुतला, शर्टाला पुसला, तासभर मोबाइलवर व्हिडिओ पाहिले आणि जाहीर केलं, "नीलम होय हा! आपल्या बांधीत नीलम आहे!"

ज्या माणसाला बाजारात किडकं वांगं ओळखता येत नाही, त्याला आता नीलम कळायला लागला होता.

धानाच्या आमच्या सगळ्या तुकड्यांत ही बांधी चांगली, तलावाच्या खालच्या अंगाला. वर्षानुवर्षं चिखलणी होऊन तिचं बूड इतकं घट्ट बसलेलं की एकदा भरलेलं पाणी आठ-आठ दिवस हलत नसे. घरी खायचा चिन्नोर तांदूळ आम्ही तिच्यातच लावायचो. शिजताना त्याचा वास पार रस्त्यापर्यंत जायचा आणि मला त्याचा फार तोरा होता. खणायचं ठरलं तेही नेमकं तिथेच.

उन्हाळाभर डोक्याला दुपट्टा बांधून, हातात भिंग घेऊन हे खड्ड्यात. माझी तांदळाची चाळणी नेली, ती परत आली तेव्हा तिच्यातून वाटाणे खाली पडले असते. गावातली रिकामी मंडळी बांधीच्या धुऱ्यावर बसून सल्ले देई. एकाने शनीच्या अंगठीसाठी दोन खडे आधीच मागून ठेवले. दुसऱ्याने सांगितलं की हळू बोला, सरकार जमीन घेईल. आणि हे तो पलीकडच्या शेतापर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बोलला.

खड्डा गुडघाभर झाला तेव्हा पिशवीभर निळे तुकडे घेऊन आम्ही दोघं भंडाऱ्याला एका रत्नवाल्याकडे गेलो. मी लग्नातली साडी नेसले होते, उगाच कशाला लपवू. त्याने चाकूचं टोक दगडावर ओढलं. पांढरी रेघ उमटली.

"भाऊ, नीलमावर चाकूची रेघ उमटत नाही. हा भट्टीच्या विटांमध्ये जाते," तो म्हणाला. "अंगठीत नाही."

तरी दुसऱ्या दिवशी खणणं सुरूच झालं आणि खड्डा पुरुषभर खोल गेला. बांधीचं घट्ट बूड केव्हाच फुटलं होतं, खाली नुसता मुरूम लागला. शेवटी तोच मुरूम आणि माती आत लोटून खड्डा बुजवला. वरून सारखं दिसत होतं. आम्हाला तेवढंच बघता येत होतं.

रोवणीच्या आधी तलावाचं पाणी सोडलं. संध्याकाळी बांधी काठोकाठ भरली, सकाळी तिच्यात बेडूक बसेल एवढंही पाणी नव्हतं. पुन्हा भरली, पुन्हा तेच. बाजूला रोवणीसाठी वाढवलेलं चिन्नोरचं पऱ्हं पिवळं पडायला लागलं.

तेव्हा मोठे भासरे, ह्यांचे थोरले भाऊ, आले. उकरलेल्या जागी त्यांनी काठी टेकली, ती सहज आत गेली.

"बूड फोडलं न तू," ते भावाला म्हणाले. "काहून फोडलं? हे बूड आपल्या बाबानं तयार केलं होतं. आता दहा वर्षं चिखल केला तरी पाणी थांबन का नाही, सांगता येत नाही. सारं गाव हासून राहिलं तुले."

भंडाऱ्याहून आल्यावर ह्यांनी खड्डा बुजवायला फावडं उचललं होतं. ते मी हातातून काढून घेतलं होतं. "चांगला माल खालीच राहते म्हणते न सारे, मंग इतक्यात काहून थांबून राहिले?" असं मी म्हणाले होते. कानातले कसे घडवायचे, हेही माझं ठरलेलं होतं.

ह्यांनी यातलं काही सांगितलं नाही. खाली बघत म्हणाले, "चुकलं, दादा. माह्याच डोक्यात भरलं होतं."

मला लाज वाटली, खरंच वाटली. पण भासऱ्यांसमोर सुनेने बोलू नये अशी आमच्याकडे रीत आहे. एरवी मी त्या रीतीला नावं ठेवते. त्या सकाळी मी डोक्यावरचा पदर आणखी पुढे ओढला आणि गप्प उभी राहिले.