आठवी मात्रा

ऑर्केस्ट्राच्या इमारतीत तळघरातली खोली ताईची. सगळ्या वाद्यांचं मिळून एक जाडजूड बाड वरून यायचं. त्यातून बासरीवाल्याचं बासरीवाल्याला, व्हायोलिनवाल्यांचं व्हायोलिनवाल्यांना, अशी ज्याची त्याची पानं ती हाताने लिहून काढायची. सव्वीस वर्षं हेच. संगणक आला तरी वादक म्हणत, ताईंच्या अक्षरातच बरं पडतं. वादकाला उसंत असेल नेमकं तिथेच तिचं पान संपायचं, म्हणजे उलटायला हात मोकळा.

तिचा एक नेम होता. बाडात काही खटकलं तर आपल्या मनाने बदलायचं नाही. समासात पेन्सिलने प्रश्नचिन्ह काढायचं आणि विचारायचं. देवाचं नाव घेऊन लेखणी धरते, हातून खोटं उतरू नये, एवढंच तिचं म्हणणं.

या खेपेच्या बाडावर धाकट्या बहिणीचं नाव होतं.

जुनी प्रोग्रेसिव्ह रॉकची गाणी, वीस-वीस मिनिटं चालणारी, मध्येच ताल बदलणारी. धाकटीने ती साठ वाद्यांसाठी बसवली होती. या गाण्यांचं वेड तिला लावलं ताईनेच. सूर वाचायला शिकवलं तेही ताईने. वडील गेल्यावर ताईने शिक्षण सोडून ही खुर्ची धरली आणि धाकटी शिकायला गेली. आता दारावरचा माणूससुद्धा ताईला ताई म्हणे आणि धाकटीला मॅडम.

तिसऱ्या गाण्यात ताईचा हात थांबला. सगळीकडे सात मात्रा, एकाच जागी आठ.

तिला नाकातल्या नाकात हसू आलं. हा तर आपला ओरखडा! सतरा वर्षांची असताना झाडू मारताना तिचाच धक्का लागला होता रेकॉर्ड प्लेयरला. तेव्हापासून सुई तिथे अडखळायची आणि एक मात्रा दोनदा वाजायची. ताईने ती रेकॉर्ड धड असताना ऐकली होती. धाकटी तेव्हा सहा वर्षांची. तिने गाणं ओरखड्यासकटच पाठ केलं होतं.

पेन्सिल कानावर होती. हात कानापर्यंत गेलाही. तेवढ्यात धाकटी दारात.

"ताई, झालं का गं? वर सगळे खोळंबलेत."

"होतंय. मॅडमचं काम, मागे ठेवून कसं चालेल?"

"आल्या आल्या टोमणा?"

"टोमणा कसला बाई! दिवा तू. आम्ही आपलं दिव्याखालचं."

धाकटी गेली. कानाशी गेलेला हात रिकामाच खाली आला. मक्षिकेच्या जागी मक्षिका. साठच्या साठ जणांच्या पानांवर आठ.

तालमीला ड्रम वाजवायला एक पाहुणे आले होते, या गाण्यांत केस पिकलेले. ती जागा आली. पाहुणे एक मात्रा पुढे, बाकी सारे मागे. भांड्यांची मांडणी कोसळावी तसा आवाज झाला.

"कोण घसरलं?" संचालकांनी विचारलं.

"सात आहेत हो तिथे!" पाहुणे म्हणाले. "जन्म गेला माझा यात."

"ताईंच्या पानावर आठ आहेत," बासरीवाला म्हणाला.

"मग आठच असणार," मागून कुणीतरी म्हणालं.

धाकटी लालबुंद. "गाणंच तसं आहे. ताई, तू सांग ना! आपल्या रेकॉर्डवर आठच होत्या की नाही?"

"होत्या की," ताई सावकाश म्हणाली. "रेकॉर्डला ओरखडा होता ना."

सभागृह खो-खो हसलं. ताईच्या जिभेवर साखर ठेवल्यासारखं झालं.

संचालक मात्र हसले नाहीत. त्यांनी ती ओळ दोनदा गुणगुणली. "पुन्हा घ्या. पाहुणे, तुम्हीही आठ धरा."

वाजलं. उंबरठ्यावर पाय टाकता टाकता कुणी मागे वळून बघावं, तसं गाणं क्षणभर थबकलं आणि मग सुटलं. पाहुण्यांनी काठ्या उंचावल्या. "राहू द्या हे! काय सुचलंय मॅडमना!"

साखर कडू झाली. ओरखडा आपला आणि शाबासकी तिला!

चहाच्या सुट्टीत धाकटी खाली आली. "लिहितानाच दिसलं असेल तुला."

नाही म्हटलं असतं तर कुणाला कळणार होतं? ताईने पेन्सिलकडे पाहिलं.

"दिसलं."

"मग विचारलं का नाहीस?"

"तुझं हसं व्हावं म्हणून."

धाकटी मटकन स्टुलावर बसली. "इतकं?"

"इतकं."

"आणि आता?"

"आता तर जास्तच."

धाकटीला हसू फुटलं, डोळेही भरले. मग ती गंभीर झाली. "उरलेली दोन गाणी दुसऱ्या कुणाकडे देऊ?"

"हात तर लावून बघ!" ताईने बाड छातीशी ओढलं. मग ते उघडून ती जागा काढली आणि समासात ठळक प्रश्नचिन्ह काढलं. नेमाला उशीर झाला होता, पण नेम तो नेम.

"विचारते हं. इथे आठ आहेत. बरोबर?"

"बरोबर."

"कुणाच्या?"

धाकटीने प्रश्नचिन्हावर बोट ठेवलं. "तुझ्या."

ताईने खोडरबर घेऊन प्रश्नचिन्ह पुसलं. मनातली आग त्याने पुसली जाणार नव्हती. पान तेवढं स्वच्छ झालं.

"चल, सरक आता," ती म्हणाली. "उजेड अडवतेस माझा."