अमेरिकन जावयाची तारीफ

आमचा जावई अमेरिकन. लेक नोकरीला न्यूझीलंडला आली, तिथेच तिला हा भेटला, आणि आता दोघं तिथल्याच अप्पर हट नावाच्या गावात राहतात. मी त्यांच्याकडे राहायला आले तेव्हा लेकीने आधीच बजावलं, "आई, तो टिपिकल अमेरिकन आहे हं. मनावर घेऊ नकोस."

म्हणजे काय, ते पहिल्याच सकाळी कळलं. चहा अमेझिंग. पोहे अमेझिंग. साधा वरणभात, तोही अमेझिंग. शेजारच्या किवी बाई माझी पुरणपोळी चापून खाऊन "नॉट बॅड" म्हणाल्या, तर मी दिवसभर खूश. आम्ही पुण्याची माणसं "बरं झालंय" म्हणालो तरी खूप झालं. याला सगळंच अमेझिंग, मग खरं आवडतं काय ते कळायचं कसं? हा मला घरातली धरतो की पाहुणी म्हणून गोड बोलतो, याचा मनाला घोर लागला होता.

तेवढ्यात अधिक महिना आला. जावयाला अनारसे द्यायलाच हवेत. पण तिथे ऐन हिवाळा, थंडीत पिठाचं काय बिनसलं कोण जाणे. अर्धे तुपात विरघळले, उरले ते दगड. तरी तबकात घालून पुढे केले. त्याने एक कडकन चावला आणि म्हणाला, "अमेझिंग."

माझं डोकंच फिरलं. मोडक्या इंग्रजीत सुनावलं, "अरे, दात पडायची वेळ आली तुझी. एकदा तरी खरं बोल. मी काय परकी आहे?"

लेकीने कपाळाला हात लावला. तो लालबुंद झाला. मग हळू आवाजात म्हणाला, "वाईट झालेत. परवाची कारल्याची भाजीसुद्धा वाईट होती." हातातला अनारसा त्याने तबकात ठेवला. "माझी आई मी लहान असतानाच गेली. बाबा डबाबंद काहीतरी गरम करून द्यायचे. माझ्यासाठी असं कुणी रांधलंच नव्हतं. वाईट म्हटलं तर तुम्ही करायचं थांबवाल, अशी भीती वाटली."

मी त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी मुद्दाम पुन्हा कारलं केलं. त्याने एक घास खाल्ला, तोंड वाकडं केलं, वाटी माझ्याकडे सरकवली आणि फ्रिजमध्ये कालची आमटी शोधायला उठला. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.