नयनावहिनींची सही

प्रतापनगरच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये नयनावहिनींना फसवणारा भाजीवाला अजून जन्माला यायचाय. यजमान श्रीकृष्ण वर्कशॉपात इंजिनं उघडतात, घरात तोंड उघडत नाहीत. अशा बाईला शाळेनं टोपी घालावी, तीही एका शब्दानं! क्वार्टर्सनी चार दिवस चहाबरोबर हेच चघळलं.

झालं असं. लेक शर्वरी पाचवीत. कावीळ झाली, दीड महिना अंथरुणात, वार्षिक परीक्षेत गणितात आपटली. शाळा गुजराती; तिथले आचार्य, म्हणजे मुख्याध्यापक, त्रिवेदीसाहेब यांनी गुजराती कागद पुढे सरकवला. "बेन, छोकरीने फरी बेसाडीए?" वहिनींना वाटलं, पुन्हा परीक्षेला बसवतायत. "बसवा की!" म्हणत त्यांनी झोकात सही ठोकली.

शाळेत शेजारीच बसलेले श्रीकृष्ण घरी आल्यावर हळूच म्हणाले, "अगं, पाचवीतच पुन्हा बसवणार तिला. वर्ष गेलं."

"मग इतका वेळ गप्प का होतात?"

"तू बोलत होतीस ना."

वहिनी तडक शेजारच्या विश्वंभरकाकांकडे. काका कोर्टातले निवृत्त कारकून. कायदा विचारला की त्यांना तरतरी येते. "शिक्षण हक्क कायदा आहे, वहिनी! पाचवीत नापास झालेल्याला आधी जादा शिकवायचं, निकालापासून दोन महिन्यांत फेरपरीक्षा घ्यायची. तीतही नापास, तरच मागे ठेवायचं. आईच्या सहीनं हे टळत नाही."

दुसऱ्या दिवशी वहिनी आचार्यांसमोर. त्यांची गुजराती अर्धी मराठीच, पण आवाज पुरता.

"सही तमारी ज छे ने, बेन?"

"माझीच! पण वाचा. 'फरी बेसाडवा संमति.' कुठे बसवायचं ते लिहिलंय? मी परीक्षेला बसवायला सांगितलं. कायदाही तेच सांगतो."

"अने फरी नापास थाय तो?"

"तर मीच हाताला धरून पाचवीत आणून सोडीन. पण परीक्षेआधी तिचं नाव पाचवीच्या यादीत दिसलं, तर हाच कागद घेऊन जिल्हा शिक्षणाधिकाऱ्यांकडे जाते."

साहेबांनी कपाळ पुसत तारीख सांगितली. वहिनी खुर्चीतून हलेनात. "लेखी द्या. शिक्क्यासकट. जादा तास कोण घेणार, त्यांचं नावही घाला."

घातलं बिचाऱ्यांनी.

फेरपरीक्षेत शर्वरीला गणितात शंभरपैकी अडतीस पडले. पोरगी सहावीत गेली म्हणून क्वार्टर्स पेढे मागायला दारात. "अडतीसला कसले पेढे?" म्हणत वहिनींनी दार लावून घेतलं. आतून तेराचा पाढा ऐकू येत होता.