म्हशीच्या मापाचे हातमोजे

अक्षर गिचमिड आहे, ऱ्हस्व-दीर्घही चुकत असेल, माफ करा. चौथीनंतर पाटी सुटली ती सुटलीच. चारचौघांत माझा आवाज फुटत नाही. पण पारूआक्का गेल्यापासून छातीत काहीतरी पेटलंय, ते विझत नाही, म्हणून लिहिते.

मिरजेच्या एका दवाखान्यात आम्ही दोघी कंत्राटदाराकडून सफाईला होतो. त्या सकाळी मी वॉर्ड पुसत होते, तेव्हा जतहून तिच्या लेकीचा फोन आला. "मावशी, आई गेली..." मी फडकं पिळलं आणि उरलेली फरशी पुसून काढली. रडायला सुट्टी कुणाकडे मागायची?

आक्का लय बोलकी. पहिल्या दिवशी पिशव्या तिनंच शिकवल्या. रक्ताचा कापूस पिवळीत, सलाइनच्या नळ्या लाल पिशवीत, सुया पांढऱ्या डब्यात. "आनि आपुन दोघी कुठल्या पिशवीत गं, शांते?" असं विचारून स्वतःच हसायची.

दवाखान्यात जाड रबरी हातमोजे होते, पण कपाटात, कुलपात. तपासणीचे साहेब येणार असले की बाहेर निघायचे आणि साहेबांची गाडी वळली की परत आत जायचे. एरवी आम्हाला पातळ मोजे, तेही फाटेपर्यंत. आक्काचे हात लहान. "यव्वा! ह्ये तर म्हशीचं माप हाय," म्हणायची. एकदा तिनं पेननं आपल्या जोडीच्या मनगटावर दोन शिंगं काढली आणि साहेबांसमोर गंभीर तोंड करून उभी राहिली. मला हसू आवरेना.

पिशव्यांचीही तीच काटकसर. पाऊण भरली की बांधा, असं भिंतीवर चित्रासकट लावलेलं. पण सुपरवायझर ओरडायचा, "रिकामी पिशवी बांधतीस व्हय? दाब की जरा!" मग आम्ही सगळ्याच हातानं दाबायचो. आक्कानं अशीच पिवळी पिशवी दाबली आणि आतली सुई तिच्या तळहातात घुसली. पिवळ्या पिशवीत सुई! पांढरा डबा शेजारीच होता. कुणाला तरी हात लांब करायचा कंटाळा आला होता.

आम्ही मोठ्या सिस्टरकडे गेलो. "आवं सिस्टर, येक इंजेक्शन तरी द्या," आक्का म्हणाली. "तुम्ही कंत्राटदाराची माणसं, त्यांना विचारा. साबणानं हात धुवा." सुपरवायझर म्हणाला, "लय बोंबलू नगंस. उद्या दुसरी बाई हुभी करतो." आक्कानं हळद दाबली आणि कामावर गेली. काही महिन्यांनी तिचे डोळे पिवळे झाले. ज्या दवाखान्याची घाण काढली, तिथं तिला खाट मिळाली नाही, मग लेकीनं तिला जतला नेलं. ती गेल्यावर सुपरवायझर म्हणतो, "गावाकडच्या पाण्यानं झाली आसंल कावीळ." पाण्याला सुई असते का रे?

गेल्या आठवड्यात परत तपासणी आली. कपाट उघडलं आणि माझ्या वाट्याला शिंगांचा जोड आला... साहेब गेले. सुपरवायझरनं हात पुढे केला. "आण हिकडं."

मी हात मागं घेतले. "न्हाई देत."

"मुकीला वाचा फुटली वाटतं!"

"व्हय, फुटली. आनि पिशवी बी दाबणार न्हाई."

माझ्या मागं उभ्या असलेल्या बायकांनी आपापले मोजे घातलेले हात पदराखाली घेतले. तो कपाट उघडंच टाकून गेला.

आक्का आपला डबा अडकवायची, त्या खिळ्याला आता तो जोड वाळत असतो. मलाही मोठाच होतो, बोटांची टोकं रिकामी राहतात. पाण्यानं शिंगं पुसट होतात. मी पेननं परत गिरवते.