स्वर्गात कंपाउंड नसते

फादर ऑगस्टीन माझ्याकडून नेहमी दोन हार घेत, आणि दोन्ही अगदी सारखे लागत. एक भिंतीच्या अलीकडच्या मयतांसाठी, दुसरा पलीकडच्यांसाठी. नेरडीगोंड्याजवळच्या आमच्या गावात माझी झेंडूची शेती आणि फुलांचं दुकान आहे. एकदा एक हार थोडा आखूड निघाला, तर म्हणाले, "पुन्ना कर बापू. मेल्यावर तरी मापात पाप नको."

ही भिंत गावच्या ख्रिस्ती दफनभूमीतली. अलीकडे मोठ्या घरांतले पुरायचे, पलीकडे मजुरांच्या वस्तीतले. पिढ्यांपूर्वी सगळ्यांनी धर्म बदलला, जात तेवढी सोबत आणली. आम्ही हिंदू त्या भिंतीला फार हसायचो. आमचे मसणवटे गावाच्या दोन टोकांना. आम्हाला भिंतीची गरजच काय!

फादर मूळचे वसईचे, मोठे पंडित. धर्मगुरू घडवणाऱ्या विद्यालयात ईश्वरशास्त्र शिकवलेले, न्यायावर जाडजूड पुस्तकं लिहिलेले. गावाला त्या पुस्तकांचा अभिमान होता, कारण ती इंग्रजीत होती. तेच म्हणणं ते आमच्या बोलीत सांगू लागले, तेव्हा पंचाईत झाली. "स्वर्गात कंपाउंड नसते बापू, आत्ताच सवय करा," हे त्यांचं पालुपद. चर्चच्या पंचांचे मुख्य जोसेफराव हात जोडून म्हणत, "बराबर बोलले फादर," आणि दरवर्षी भिंतीला चुना मारून घेत.

फादरांच्या धर्मसेवेचा सुवर्णमहोत्सव आला, तेव्हा गावानं सत्कार ठेवला. शाल, नारळ, माझा भला मोठा हार. माईक हाती आला की जोसेफरावांना भान राहत नसे. "मांगा फादर, काय पाह्यजे ते मांगा! गावाचा शबूद हाय!"

फादर उठले. "मी मेलो का मले त्या भिंतीच्या जागी पुरा. भिंतीच्या रेषेतच."

मग टाळ्यांचा कडकडाट. साधू माणसाची गंमत म्हणून जो तो हसला, जोसेफराव सगळ्यांत जास्त.

पुढच्याच उन्हाळ्यात फादर गेले. जोसेफरावांनी अलीकडे, आपल्या वडिलांशेजारी, मोक्याची जागा साफ करून घेतली. बिशप आले, शवपेटी आली. तेवढ्यात पलीकडच्या वस्तीतली मरियम्मा, जिच्या अंगणात फादर रोज चहा घ्यायचे, ती म्हातारी भिंतीला पाठ लावून बसली. "दादा, माईकवर बोलले व्हते ना तुमी?"

वस्तीतल्या बाकीच्या बायाही तिच्या शेजारी बसल्या. जोसेफरावांनी बिशपांकडे पाहिलं, बिशपांनी आभाळाकडे. शब्द आसपासच्या साऱ्या गावांनी ऐकलेला. आता फिरवला तर नाक कापलं जाणार. शेवटी घाम पुसत ते ओरडले, "आणा रे सब्बल! पण कबरीपुरतीच पाडा, एक वीट जास्त नाही!"

पहारीचा पहिला घाव पडला आणि मला रडू आवरेना. एवढं शिकलेला माणूस, उभा जन्म सांगत राहिला, तेव्हा एक वीट हलली नाही. मेल्यावरसुद्धा आम्ही त्यांना राबवलंच.

मृतांच्या सणाला आता दोन्हीकडचे लोक त्या कबरीवर मेणबत्त्या लावतात. एकीकडची विझली की दुसरीकडच्या ज्योतीवरून पेटवतात. जोसेफराव मात्र छातीठोक सांगतात, "भिंत शाबूत हाय. मंधात फकस्त फादर हायेत."

काल तेच दुकानात आले. मी सवयीनं दोन हार काढले.

"एकच दे," ते खाली बघत म्हणाले. "पण लांब दे बापू. दोनीकडं पुरला पाह्यजे."