पुलाच्या भरावाखालची जागा

लिहिण्याचा अधिकार आपल्याला आहे, असे मला कधी वाटले नाही. उतारवयात हे धाडस करतो आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागतो.

सत्तरच्या दशकात आमच्या गावाजवळ सीना नदीवर पूल व्हायचा होता. पावसाळ्यात गाव चार-चार दिवस तुटे, त्यामुळे तो सर्वांनाच हवा होता. पुलाच्या रस्त्यासाठी आमच्या काठच्या रानातून जिल्हा परिषदेला कायमची वहिवाट द्यायची होती. जमीन आमचीच राहणार, वाट मात्र सर्वांची.

त्याच रानात माझी आई होती. आमच्यात मृताला आपल्याच शेतात माती देतात. तिच्यावर दगड बसवायचा राहून गेला होता. नांगर तेवढ्या जागेला वळसा घालून जाई, एवढीच खूण. “माजी जागा तिच्या शेजारी,” असे अप्पा, म्हणजे माझे वडील, सांगत.

जिल्हा परिषदेचे ओव्हरसियर मोजणीला आले तेव्हा पिके निघून सगळे रान सारखेच दिसत होते. रस्त्याचा पट्टा आखणारी चुन्याची रेघ नेमकी आईवरून गेली.

“पट्ट्यात विहीर, झाड, बांधकाम काही?” त्यांनी अप्पांना विचारले.

“ह्यो बार्शीला शिकलाय. त्यालाच इचारा की.”

“बोला प्रोफेसर. का कॉलेजात बोलायचं शिकवत नाहीत?”

जमलेली माणसे हसली. इथे माझी आई आहे, हे एवढ्या लोकांत उच्चारण्याचा मला संकोच वाटला. अडाणी समजतील, असेही मनात आले.

“काही नाही,” मी म्हणालो.

अप्पांनी माझ्याकडे पाहिले. शिकलेल्या मुलाने विचार करूनच सांगितले असेल, असे त्यांनी धरले असावे. त्यांनी संमतीपत्रावर अंगठा उठवला.

पूल बांधून रहदारीला खुला झाला त्या दिवशी मी ओव्हरसियरांना खरे ते सांगितले.

“तेव्हाच बोलला असतात तर दहा हात सरकवला असता हो पट्टा. नुसता चुना तर होता.”

अप्पांनी मला त्याबद्दल कधीही विचारले नाही. त्या जागेवरच्या भरावाच्या चढावर आले की ते चपला हातात घेत, एवढेच. पुढे ते गेले तेव्हा त्यांना रस्त्याच्या अलीकडे माती द्यावी लागली. पुलावरून आजही मुले शाळेत जातात, आणि ते पाहून मला बरेच वाटते.

पण चारचौघांत ते एक वाक्य बोलायला तुम्हीही कचरला असता का?